केसपेपरात न मावणारा माणूस

डॉ. सुधीर पटवर्धन यांनी १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केले. त्याच तीस वर्षांत, दवाखाना सांभाळून काढलेल्या चित्रांनी त्यांना देशातल्या आघाडीच्या चित्रकारांत नेऊन बसवले. डॉक्टर असूनही एवढे मोठे चित्रकार, असे त्यांच्याविषयी कौतुकाने बोलले जाते. त्यांची चित्रे निवांतपणे पाहिलेला माणूस मात्र म्हणेल, डॉक्टर होते म्हणूनच.

दरवर्षी १ जुलैला, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या जयंतीला, डॉक्टर्स डे साजरा होतो. त्या आठवड्यात गझल गाणारे, गड चढणारे, निसर्गचित्रे रंगवणारे डॉक्टर वर्तमानपत्रांत झळकतात. धावपळीतूनही छंद कसा जोपासला, कामाचा ताण कसा हलका होतो, हे ते सांगतात. यात वावगे काहीच नाही. भरगच्च ओपीडी उरकून, रात्री-अपरात्री इमर्जन्सीला धावणाऱ्या माणसाला विसाव्याची जागा हवीच. पण काही डॉक्टरांची कला शीण घालवण्यासाठी जन्मलेली नसते. ती कामातूनच उगवते. तिचा कच्चा माल वॉर्डात, एक्स-रेच्या खोलीत, शवागारात मिळालेला असतो. अशा कलेलाही विरंगुळ्याच्या खात्यात टाकले की वैद्यकाचेही नुकसान होते आणि कलेचेही.

एक्स-रेची खोली डोळ्यांसमोर आणून पाहा. छातीच्या फिल्मसाठी पेशंटला शर्ट, गळ्यातली साखळी, ताईत काढून ठेवायला सांगतात. कॅसेटला छाती टेकलेली, हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरे पुढे काढलेली, अशा अवघडलेल्या पवित्र्यात तो उभा राहतो. मोठा श्वास घ्या, धरून ठेवा, हलू नका. मग, सोडा. तेवढ्या वेळात त्याच्या उघड्या पाठीवर त्याचे अर्धे आयुष्य वाचता येते. ओझ्याने एका बाजूला उतरलेला खांदा, जाड झालेली मान, बनियनच्या कडेपर्यंत रापलेली आणि पुढे फिकट राहिलेली कातडी. फिल्मवर यातले काही उमटत नाही. तिथे फासळ्या दिसतात, हृदयाची कड दिसते, फुप्फुसाच्या वरच्या टोकाला टीबीचा धुरकट डाग दिसतो. रेडिओलॉजिस्टचे काम त्या डागाशी. रिपोर्टात उतरलेल्या खांद्याला जागा नसते.

पटवर्धनांच्या चित्रांत तो खांदा आहे.

पुण्यात जन्मलेल्या पटवर्धनांनी १९७२ साली तिथल्याच आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी ते मुंबईला आले. चित्रकलेच्या महाविद्यालयात ते कधी गेले नाहीत. १९७७ सालच्या ‘इराणी रेस्टॉरंट’, ‘रनिंग वुमन’ अशा सुरुवातीच्या चित्रांत एकेकटा देह चौकट व्यापून टाकतो. हे देह देखणे नाहीत. जड, काहीसे बेढब, वजन पेलून उभे असलेले कष्टकऱ्यांचे देह आहेत ते. त्यांची कीव केलेली नाही, त्यांना पोस्टरवरचे वीरही केलेले नाही. पुढे ‘ट्रेन’, ‘ओव्हरब्रिज’ या चित्रांत लोकलची गर्दी आली. मग माणसे लहान होत गेली आणि शहर मोठे होत गेले. ठाण्याच्या पोखरण रस्त्याचा परिसर, गिरण्यांच्या जागी टॉवर उगवू लागलेले ‘लोअर परळ’ हे सारे त्यांनी भल्यामोठ्या कॅनव्हासवर आणले. पांढरा कोट आणि स्टेथोस्कोप हे त्यांच्या गाजलेल्या चित्रांचे विषय नाहीत. व्यवसायाचे चित्र काढण्याऐवजी व्यवसायाने दिलेली नजर ते रस्त्यावर घेऊन गेले. हाडांवर मांस कसे बसते, थकलेला माणूस कोणत्या पायावर भार टाकतो, हे ज्याला रोजच्या कामातून ठाऊक आहे, त्याने काढलेला रेल्वेच्या पुलावरचा माणूस वेगळाच उभा राहतो.

दवाखाना आणि स्टुडिओ यांच्यामधली ही ये-जा पुढे समाजाच्याही उपयोगी पडली. मोठ्या शहरांतल्या गॅलऱ्यांत अडकलेली समकालीन भारतीय चित्रकला महाराष्ट्रातल्या इतर शहरांत पोहोचावी म्हणून २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे फिरते प्रदर्शन निघाले, त्यातल्या चित्रांची निवड पटवर्धनांनी केली होती. पेशंटची वाट पाहत बसण्यापेक्षा गावात जाऊन कॅम्प लावावा, हा विचार डॉक्टरच्या अंगवळणी पडलेला असतो. इथे तो चित्रांच्या बाबतीत झाला.

त्यांचे ज्येष्ठ स्नेही डॉ. गीव्ह पटेल हे याच वाटेवरचे दुसरे मोठे नाव. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले, मुंबईत वर्षानुवर्षे जनरल प्रॅक्टिस केलेले हे डॉक्टर इंग्रजीतले कवी, नाटककार आणि चित्रकार होते. २००५ साली त्यांनी प्रॅक्टिस थांबवली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. मराठी वाचकांनी त्यांची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही. ज्या मुंबईने त्यांची चित्रे घडवली, ती आपलीच मुंबई होती. ‘ऑफ लॅमिंग्टन रोड’ या १९८२ ते १९८६ अशी चार वर्षे चाललेल्या चित्रात त्यांनी त्या भागातली रस्त्यावरची गर्दी उभी केली. त्याच काळात त्यांनी ‘क्रश्ड हेड’ आणि ‘ड्राउन्ड वुमन’ ही चित्रे काढली: एक चेंगरलेले डोके, एक बुडून मेलेली बाई. शरीराला काय काय सोसावे लागते आणि ते कसे सोसते, हा प्रश्न तर त्यांच्या १९७६ सालच्या कवितासंग्रहाच्या नावातच आहे.

ही चित्रे पाहणे सोपे नाही. बैठकीच्या खोलीत कोणी ती लावणार नाही. पण त्यांत धक्का देण्याची हौस अजिबात दिसत नाही. मृतदेहाकडे आपण साधारणपणे दोनच तऱ्हांनी पाहतो. एक तर मान वळवतो, नाही तर मोबाइल काढतो. पटेलांचा हात तिसरीच गोष्ट करतो. त्या डोक्यापाशी तो थांबतो, जखम जशी आहे तशी मांडतो आणि हे डोके कुणाचे तरी होते याची जाणीव सुटू देत नाही. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहायला शिकवताना खरे तर हेच शिकवायला हवे. आणि याच चित्रकाराने पुढे विहिरींची मालिका केली. कठड्यावरून आत वाकून पाहिल्यावर दिसणारे पाणी, त्यात पडलेले आभाळ आणि झाडोरा. जखमेत डोकावणारी नजर विहिरीत डोकावते तेव्हाही तितकीच थांबते.

वैद्यकाच्या रोजच्या रीतीत माणसाची काटछाट अटळ असते. ‘वय ४५, पुरुष, खोकला तीन आठवडे, संध्याकाळी ताप, वजनात घट’ एवढे केसपेपरावर उतरते आणि तेवढेच उतरायला हवे. तो कोणत्या गावाहून आला, मुकादमाने सुट्टी दिली की नाही, बोलताना बायकोकडे का पाहत होता, हे लिहीत बसले तर रांग पुढे सरकायची नाही. रोग पकडण्यासाठी माणूस बाजूला सारावा लागतो. एखाद्या कसलेल्या डॉक्टरला हे बाजूला सारलेले सगळे दिसत असते, आणि वर्षानुवर्षे ते आत साठत जाते. त्याचे काय करायचे, याचे उत्तर वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. चित्रकार-डॉक्टरांनी ते कागदावर शोधले. त्यांच्या कलेची किंमत इथे आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण शंभरेक वर्षांपूर्वीचे, इंग्लंडमधले आहे. हेन्री टाँक्स हे मूळचे सर्जन. शस्त्रक्रिया सोडून ते चित्रकलेकडे वळले, लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये शिकवू लागले आणि कडक शिस्तीचे मास्तर म्हणून नावाजले. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा पन्नाशी ओलांडलेले टाँक्स पुन्हा वैद्यकीय सेवेत गेले. १९१६ साली ऑल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात त्यांची गाठ हॅरल्ड गिलीज या तरुण कान-नाक-घसा सर्जनशी पडली. खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी उडत होते. कुणाचा जबडा गेलेला, कुणाचे नाक, कुणाचा अर्धा गाल. असे चेहरे पुन्हा घडवण्याचे तंत्र गिलीज पेशंटगणिक शिकत होते आणि त्यांना प्रत्येक टप्प्याची नोंद हवी होती.

नोंदीसाठी फोटो होतेच. पण तेव्हाच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत ओली जखम आणि सुकलेली कातडी यांतला फरक कळत नसे. टाँक्सनी पेस्टल हातात घेतले. त्यांनी केलेली सत्तरच्या आसपास व्यक्तिचित्रे आज लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात आहेत. खडूचा मऊ, पावडरीसारखा थर, त्यात फाटलेल्या ओठाचा लाल, सूज आलेल्या गालाचा जांभळट गुलाबी. पेस्टल हे माध्यम युरोपात एकेकाळी सुंदर स्त्रियांच्या गालांसाठी वापरले जाई. टाँक्सनी ते जबडा गमावलेल्या शिपायासाठी वापरले. आणि या चित्रांत नजर सगळ्यांत आधी जाते ती जखमेकडे नाही, डोळ्यांकडे. ते डोळे समोर पाहत असतात. शस्त्रक्रियेच्या नोंदीसाठी डोळ्यांतला भाव टिपण्याची काहीच गरज नव्हती. सर्जनला हवी होती ती जखम आणि टाँक्सनी सोबत पूर्ण माणूस दिला. त्यांच्या अंगातला डॉक्टर आणि चित्रकार वेगळे करता येत नाहीत ते इथेच.

त्यांच्या आधी शतकभर स्कॉटिश सर्जन चार्ल्स बेल यांनी हेच केले होते. चेहऱ्याच्या लकव्याचा एक प्रकार आजही ज्यांच्या नावाने ओळखला जातो, तेच हे बेल. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईनंतर ते ब्रसेल्सला गेले, जखमींवर शस्त्रक्रिया केल्या आणि त्यांची जलरंगातली चित्रेही काढली.

चेहरा घडवण्याच्या या विद्येचा एक धागा थेट पुण्याशी येऊन भिडतो. कावसजी नावाचा, इंग्रजी फौजेसोबत बैल हाकणारा माणूस टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले. पेशव्यांच्या दरबारात वावरलेला चित्रकार जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र काढले आणि १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये वृत्तान्तासोबत त्यावरून केलेले चित्र छापून आले. त्यानंतर वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया केली. वेल्स डॉक्टर नव्हता, आणि ज्याच्या हातात खरी कला होती त्या पुण्याच्या कारागिराचे तर नावही कुणी नोंदवले नाही. पण चित्र नसते तर ते नाक युरोपपर्यंत इतक्या स्पष्टपणे पोहोचले नसते. चित्र वैद्यकाच्या कामाचा भाग असते, ते असे.

स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांचा दाखला तर कुठल्याही शंकेखोराने पाहावा. त्यांना चित्रकार व्हायचे होते. शरीरशास्त्र शिकवणाऱ्या वडिलांना ते मान्य नव्हते, म्हणून त्यांनी मुलाला स्मशानातली हाडे आणून चित्रे काढायला लावली आणि पोरगा वैद्यकात रमला. १८८७ साली काहाल यांनी चांदीच्या क्षाराने मज्जापेशी काळ्या रंगवण्याची इटालियन शास्त्रज्ञ गॉल्जी यांची पद्धत पाहिली आणि मग आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातून मेंदू पाहिला, कागदावर उतरवला. मेंदू म्हणजे एकसंध जाळे नाही, तर सुट्या पेशींचा समुदाय आहे, हे त्यांनी दाखवले ते हाताने काढलेल्या आकृत्यांतून. १९०६ साली नोबेल पारितोषिक त्यांना आणि गॉल्जींना विभागून मिळाले. पद्धत गॉल्जींची होती. पण त्याच काचपट्टीवर गॉल्जींना अखंड जाळे दिसत राहिले आणि काहाल यांना पेशी वेगळ्या दिसल्या. चित्र काढणाऱ्याला रेषा कुठे संपते हे ठरवावेच लागते, आणि सगळा वाद रेषा कुठे संपते याचाच होता.

आता आपल्याकडे या. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला मुले हिस्टॉलॉजीच्या जर्नलसाठी गुलाबी आणि जांभळ्या रंगाच्या पेन्सिली घेतात. काचपट्टीवर लावलेल्या इओसिन आणि हेमॅटॉक्सिलिन या रंगांचा जर्नलातला तो अवतार. यकृत, मूत्रपिंड, आतड्याचा छेद असे सगळे त्या दोन पेन्सिलींनी रंगते. बरीच मुले सिनिअरच्या जर्नलातून पाहून काढतात, सही मिळते आणि विषय मिटतो. पहिले वर्ष संपले की त्या पेन्सिली कायमच्या ड्रॉवरमध्ये जातात. जिथून त्यांचा खरा उपयोग सुरू व्हायचा, म्हणजे वॉर्डात, जिवंत माणसासमोर, तिथे चित्र काढायला कुणी सांगत नाही. शाळेपासून कोचिंग क्लासपर्यंत आणि नीटच्या रँकपासून पीजीच्या रँकपर्यंत चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय लागलेल्या मुलांना समोरच्या गोष्टीकडे नुसते पाहत राहण्याचा सराव मिळणार तरी कुठे?

तो सराव देता येतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात अर्विन ब्रेव्हरमन या त्वचारोगतज्ज्ञाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात न्यायला सुरुवात केली. एकेका चित्रासमोर बराच वेळ उभे राहायचे, आधी फक्त दिसते ते सांगायचे, अर्थ नंतर लावायचा. हे केलेल्या विद्यार्थ्यांना पेशंटच्या छायाचित्रांतले बारकावे इतरांपेक्षा अधिक टिपता आले, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्वचारोगतज्ज्ञाला हे सुचावे यात नवल नाही. त्याचे निम्मे निदान डोळ्यांनीच होते.

मराठी माणसाला डॉक्टर-कलावंतांचे अप्रूप नवे नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घसा तज्ज्ञ होते, डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. आपली रंगभूमी त्यांच्यामुळे श्रीमंत झाली. पण लागू-घाणेकरांच्या बाबतीत दवाखाना एका तीरावर आणि रंगमंच दुसऱ्या तीरावर राहिला. दोन्ही तीर जोडले ते आगाशे यांनी. ‘अस्तु’मध्ये त्यांनी स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित उभे केले आणि नैराश्यावरच्या ‘कासव’ची निर्मितीही केली. त्या चित्रपटाला सुवर्णकमळ मिळाले. मनोविकाराकडे भीतीने किंवा थट्टेने पाहणाऱ्या प्रेक्षकाला समजावण्याचे जे काम शंभर व्याख्यानांनी झाले नसते, ते या दोन चित्रपटांनी केले.

या सगळ्यात एक माणूस मात्र राहून जातो. पेशंट. डॉक्टरच्या चित्रातला देह कुणाचा तरी असतो, आणि ज्याचा आहे तो बहुधा गरीब, घाबरलेला, उपकाराखाली दबलेला असतो. डॉक्टरसमोर त्याने कपडे उतरवले ते बरे होण्यासाठी, चित्रासाठी नाही. टाँक्सना हे कळत होते. आपली ही चित्रे सर्वसामान्यांनी पाहण्याजोगी नाहीत, असे त्यांचे मत होते. आज ती जगभर कुणालाही मोबाइलवर दिसतात. त्या शिपायांना याबद्दल कुणी विचारले नव्हते.

भारतात डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ सालचे नियम आहेत. ओळख पटेल अशा रीतीने पेशंटचा फोटो किंवा केसची हकिगत त्याच्या परवानगीशिवाय छापू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. रेखाटनाचा, चित्राचा, कॉमिक्सचा तिथे उल्लेख नाही. त्यामुळे चित्राला सगळे माफ, असे डॉक्टरांनी समजू नये. ओळखू येईल असा चेहरा असेल तर पेशंटला विचारायला हवे, तेही त्याच्या भाषेत, उपचार पूर्ण झाल्यावर, ‘नाही’ म्हटले तरी काही बिघडणार नाही अशी खात्री देऊन. पटवर्धनांची वाट इथे अधिक सच्ची वाटते. एकेका पेशंटला त्यांनी कॅनव्हासवर नेले नाही. हजारो देह पाहून जे कळले ते रस्त्यावरच्या माणसात ओतले. पण सगळ्यांनी हाच मार्ग धरावा असे नाही. टाँक्सनी एकेका चेहऱ्याला जो मान दिला, तो समूहचित्रात देता येत नाही.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला फार पैसाही लागणार नाही. मुंबईत सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या नावाने एक रुग्णालय आहे आणि एक कलामहाविद्यालय. भायखळ्याच्या रुग्णालयात ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून आहे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचे. दोघांच्या मध्ये अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल आहे, त्यालाही लोक जे.जे. पूलच म्हणतात. एकाच दात्याच्या नावाच्या या दोन संस्थांमधल्या मुलांनी आठवड्यातली एक दुपार एकत्र घालवावी. कलेच्या विद्यार्थ्यांना शरीररचना कळेल. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांचेच हात, पाठ, चालणे तासभर बसून रेखाटावे. रेखाटन चांगले येण्याची गरज नाही, मार्क देण्याची तर मुळीच नाही.

२०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात इलेक्टिव्हसाठी वेळ राखून ठेवला आहे, आणि वृत्ती, नीतिमत्ता व संवाद यांचे धडेही सक्तीचे केले आहेत. बहुतेक ठिकाणी ते स्लाइड दाखवून उरकतात. त्या तासांना कागद आणि पेन्सिल द्यावी. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने रेखाटन आणि निरीक्षण असा एक इलेक्टिव्ह मान्य केला, तर राज्यातल्या प्रत्येक मेडिकल कॉलेजला तो घेता येईल. शिकवायला जवळचे कलामहाविद्यालय आहे, एखादा निवृत्त कलाशिक्षक आहे, आणि चित्र काढणारे डॉक्टर तर गावोगाव आहेत. पुढच्या १ जुलैला त्यांचा सत्कार करताना शाल-श्रीफळासोबत त्यांच्या हाती वेळापत्रकातला एक तासही द्यावा.